सौर कौलाला आपला कौल

प्रात्यक्षिक आणि प्रदर्शन या दोन शब्दांत विज्ञानाच्या शिक्षकाने नेहमी फरक केला पाहिजे. प्रात्यक्षिकात जे दाखवायचे ते पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घडते. तापमापी कोणालाही वाचता येते, जोडणी सोडून पुन्हा करता येते, आणि प्रयोग फसला तर तेही सर्वांना दिसते. प्रदर्शनात वस्तू मांडून ठेवलेली असते. ती पाहायची, तिच्याविषयी जे सांगितले जाते ते ऐकायचे आणि पुढे सरकायचे. प्रदर्शनात गैर काही नाही. पण प्रदर्शन पाहून आलेला माणूस प्रात्यक्षिक पाहिल्यासारखे बोलू लागला की घोटाळा होतो.

घराच्या छतातच सामावून जाणारी सौर पॅनेले, म्हणजे ज्यांना आता सर्रास 'सौर कौले' म्हटले जाते ती, या घोटाळ्याचे चांगले उदाहरण आहेत. त्यांची चित्रे विज्ञानवृत्तांच्या सदरांत येतात, शाळेच्या भित्तिपत्रकांवर चिकटवली जातात आणि 'उद्याचे घर' या विषयावरील निबंधांत हमखास डोकावतात. कल्पना मोहक आहे यात शंका नाही. छत तर हवेच आहे, वीजही हवीच आहे. मग दोन्हींचे काम एकाच वस्तूने का करू नये? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पदार्थविज्ञान, बांधकाम आणि बाजारभाव या तिन्हींचा विचार करावा लागतो. तसा तो करून या कल्पनेची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

दाखवले काय, सांगितले काय

२८ ऑक्टोबर २०१६ रोजी लॉस एंजेलिस येथील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात टेस्ला कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी आपले 'सौर छत' लोकांपुढे आणले. जागा होती 'डेस्परेट हाउसवाइव्ज' या दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणासाठी वापरलेली एक गल्ली. तिथल्या घरांवर काचेची कौले चढवली होती. एका घरावर ती पाटीच्या दगडासारखी दिसत होती, दुसऱ्यावर इटलीच्या तुस्कनी भागातील गोलसर लाल कौलांसारखी, तर आणखी दोन नमुने गुळगुळीत व खरखरीत काचेचे होते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला, सांगितल्याशिवाय, ही वीज निर्माण करणारी छते आहेत असे ओळखू येऊ नये हाच तर त्यांचा विशेष होता. टेस्लाने सोलरसिटी ही कंपनी विकत घ्यावी की नाही यावर भागधारकांचे मतदान पुढच्याच महिन्यात व्हायचे होते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

या वेळी आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत तीन दावे करण्यात आले. हे छत साध्या छतापेक्षा देखणे असेल. ते साध्या छतापेक्षा जास्त टिकेल. आणि त्याचा खर्च साधे छत व वीज यांच्या एकत्रित खर्चाहून कमी येईल. किंबहुना विजेची किंमत न धरताही ते साध्या छतापेक्षा स्वस्त पडेल, असे मस्क यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये भागधारकांना सांगितले.

यांपैकी पहिला दावा डोळ्यांनी तपासता येण्याजोगा होता आणि त्या संध्याकाळी तो जमलेल्यांना पटला. पुढचे दोन दावे तपासायला मात्र त्या गल्लीत काहीच नव्हते. घरांवरची ती कौले प्रत्यक्षात वीज देणारी नव्हती, असे पुढे अमेरिकन नियतकालिकांनी छापले. म्हणजे ते प्रदर्शन होते, प्रात्यक्षिक नव्हे.

नंतरचा घटनाक्रम थोडक्यात असा. मे २०१७ मध्ये मागणी नोंदवणे सुरू झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये छताची तिसरी आवृत्ती आली. आठवड्याला एक हजार छते बसवायची, असे त्या वर्षीचे उद्दिष्ट सांगितले गेले होते. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने किमती वाढवल्या, त्याही आधी करार करून बसलेल्या ग्राहकांच्या. काही ग्राहक न्यायालयात गेले. काही छतांवरील काम किती अवघड आहे याचा अंदाज घेण्यात आपल्या मोठ्या चुका झाल्या, हे मस्क यांनी त्याच महिन्यात मान्य केले. २०२३ मध्ये वुड मॅकेन्झी या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०१६ पासून अमेरिकेत अशी सुमारे तीन हजार छते बसली असावीत, असा अंदाज दिला. हा आकडा फार चुकीचा आहे, असे कंपनीचे म्हणणे पडले. अंदाज चुकीचा आहे असे धरून तो अनेक पटींनी वाढवला, तरी ठरवलेल्या उद्दिष्टाशी त्याचा मेळ बसत नाही. कारण आठवड्याला एक हजार या वेगाने तीन हजार छते तीन आठवड्यांत व्हायला हवी होती.

असे का झाले? कंपनीची घाई, पुढाऱ्याचा अतिउत्साह ही कारणे सांगून मोकळे होता येईल. पण मग आधीच्या प्रयत्नांचे काय?

हा पहिला प्रयत्न नव्हता

बेल प्रयोगशाळेतील चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी १९५४ मध्ये सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौर घट तयार केला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. त्यानंतर दोन दशकांच्या आतच, १९७३ मध्ये, डेलावेअर विद्यापीठात कार्ल बोअर यांच्या मार्गदर्शनाखाली 'सोलर वन' हे घर उभे राहिले. त्याच्या उतरत्या छतातच सौर घट बसवलेले होते आणि छताखालची गरम हवाही उपयोगात आणली जात होती. म्हणजे छतात सौर घट सामावण्याची कल्पना पन्नास वर्षांहून जुनी आहे.

पुढे स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांच्या कंपनीने अस्फटिकी सिलिकॉनचा पातळ थर लवचिक पत्र्यावर चढवून छताला चिकटवता येतील अशा पट्ट्या बनवल्या. ओव्हशिन्स्की हे महाविद्यालयीन पदवी नसलेले, स्वतःच्या बळावर शिकलेले संशोधक. त्यांचे काम अस्सल होते. परंतु अस्फटिकी सिलिकॉनची कार्यक्षमता कमी, आणि दुसरीकडे स्फटिकी सिलिकॉनची साधी पॅनेले झपाट्याने स्वस्त होत गेली. २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

त्याआधी, २००९ मध्ये, डाऊ केमिकल या बलाढ्य रसायन कंपनीने तांबे, इंडियम, गॅलियम व सेलेनियम यांच्या पातळ थराचे घट असलेली छताची सौर पट्टी जाहीर केली होती. अमेरिकेतील घरांवर डांबरी पट्ट्यांचे छत असते; त्याच पट्ट्यांबरोबर ही खिळ्यांनी ठोकता येई. २०११ मध्ये ती विक्रीला आली आणि २०१६ मध्ये डाऊने हा व्यवसाय बंद केला. दुसऱ्या एका कंपनीने ते उत्पादन पुढे चालवायला घेतले, तीही २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली.

वेगवेगळी माणसे, वेगवेगळे पदार्थ, वेगवेगळी भांडवले. आणि अनुभव मात्र सारखा. तेव्हा दोष केवळ एखाद्या कंपनीच्या माथी मारून चालणार नाही. अडचण कल्पनेतच कुठेतरी असली पाहिजे. ती तीन ठिकाणी आहे: उष्णतेत, सांध्यांत आणि दुरुस्तीत.

उष्णतेचा हिशेब

भर दुपारी स्वच्छ आकाशातून एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १००० वॅट इतकी सौर ऊर्जा पडते. आजचे चांगले पॅनेल तिच्यातील साधारण २० टक्के, म्हणजे २०० वॅट, विजेत रूपांतरित करते. थोडा प्रकाश परावर्तित होतो. उरलेले सातशेहून अधिक वॅट उष्णतेच्या रूपाने पॅनेलमध्येच राहतात आणि ते तापते. एका चौरस मीटरवर कपड्यांची इस्त्री चालू ठेवावी इतकी ही उष्णता आहे.

सिलिकॉनचा घट तापला की त्याचे विभवांतर कमी होते. घटाचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले तर पॅनेलची शक्ती सुमारे ०.४ टक्क्याने घटते. नव्या पॅनेलांत हे प्रमाण याहून थोडे कमी आहे. पॅनेलवर छापलेले वॅट हे घटाचे तापमान २५ अंश असतानाचे असतात. प्रयोगशाळेबाहेर, भर उन्हात ते तापमान क्वचितच आढळते.

आता दोन छते घेऊ. पहिल्यावर साधी पॅनेले लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या चौकटीवर, छतापासून वीतभर उंच बसवली आहेत. त्यांच्या वरून आणि खालून वारा खेळतो. समजा, घटांचे तापमान ५५ अंशांपर्यंत गेले. २५ पेक्षा ३० अंश जास्त, म्हणजे शक्तीत १२ टक्के घट. दुसऱ्या छतात घट कौलाच्या जागीच बसवले आहेत. खाली फळ्या आणि उष्णतारोधक थर आहे. उष्णता बाहेर जायला फक्त वरची बाजू मोकळी. तापमान आणखी १५ अंशांनी वाढून ७० झाले, तर घट १८ टक्के. पहिले छत १०० पैकी ८८ देते, दुसरे ८२. फरक थोडा वाटतो, पण तो रोजच्या दुपारचा आणि पंचवीस वर्षांचा आहे. शिवाय उष्णतेने घटांना धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे थर लवकर जुने होतात, हा तोटा वेगळाच.

यावर उपाय नाही असे नाही. कौलाखाली हवेची पोकळी ठेवायची, वळचणीकडून थंड हवा आत घ्यायची आणि आढ्याकडून गरम हवा बाहेर सोडायची. चांगले अभियंते हे करतातही. पण मग छत जाड होते, खर्च वाढतो, आणि आपण पुन्हा पॅनेल छतापासून उचलण्याकडेच वळतो हे लक्षात घ्यावे.

लपवण्याचाही खर्च असतो. २०१६ च्या कौलांत काचेखाली अतिशय बारीक पट्ट्यांचा एक पापुद्रा होता. खिडकीच्या झडपांची कल्पना करा. रस्त्यावरून तिरपे पाहिले की पट्ट्यांचा रंग दिसतो आणि घट झाकले जातात. वरून सरळ येणाऱ्या उन्हाला मात्र वाट मोकळी. युक्ती सुरेख आहे. परंतु सूर्यही दिवसभर समोर थांबत नाही. सकाळी आणि संध्याकाळी त्याचे किरण तिरपे येतात, आणि जो आडोसा शेजाऱ्याच्या नजरेसाठी केला तो काही प्रमाणात किरणांनाही लागू होणारच. घटाचे काम प्रकाश शोषण्याचे. जितका प्रकाश रंगाच्या रूपाने आपल्या डोळ्यांपर्यंत परत येतो तितका घटाला मिळालेला नसतो. लाल दिसणारा सौर घट काळ्या घटाची बरोबरी का करू शकत नाही, हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात विचारण्याजोगा आहे.

सांध्यांची संख्या

पाच किलोवॅटची व्यवस्था हवी आहे असे समजू. ४०० वॅटची साधी पॅनेले घेतली तर तेरा लागतात. एकेक कौल ६० वॅटचे धरले तर चौऱ्याऐंशी लागतात. प्रत्येकाला दोन जोडटोके; म्हणजे एकीकडे २६ जोडटोके, दुसरीकडे १६८. प्रत्येक जोडणी माणसाने, छतावर वाकून, उन्हात किंवा थंडीत करायची.

सांधा सैल राहिला तर काय होते हे ओहमच्या आणि जूलच्या नियमांवरून मुलांना काढता येईल. घट एकसरीत जोडलेले असल्याने सर्वांतून सारखाच विद्युतप्रवाह जातो. तो १० अँपिअर आहे आणि एखाद्या सैल सांध्याचा रोध ०.१ ओहम आहे असे धरा. प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणले की १० वॅट येतात. हाताच्या नखाएवढ्या जागेत १० वॅट उष्णता, रोज, कित्येक तास. सांधा जळतो, रोध आणखी वाढतो. पुढे ठिणगी पडू शकते, आणि ती दिष्ट प्रवाहाची असल्यामुळे सहज विझत नाही. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला अनेकदा शून्यावरून जातो, तसा दिष्ट प्रवाह जात नाही.

चौकटीवरच्या पॅनेलखाली अशी ठिणगी पडली तर खाली मोकळी हवा आणि मूळचे छत असते. छतातच बसवलेल्या पॅनेलखाली लाकूड व उष्णतारोधक साहित्य अगदी लगत असू शकते. नेदरलँड्समधील टीएनओ या संशोधनसंस्थेने २०१९ मध्ये त्या देशातील सौर पॅनेलांच्या आगींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण व्यवस्थांच्या मानाने आगी फारच थोड्या होत्या. मात्र त्या थोड्या आगींत छतात बसवलेल्या पॅनेलांचा वाटा लक्षणीय होता, आणि सदोष जोडटोक्यांकडे बोट दाखवले गेले. यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. सांधे जितके कमी आणि जितके हाताशी, तितके बरे, एवढाच याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट. छत म्हणजे काही कोरी वही नव्हे. त्याला कडा, कोपरे, पन्हळी, धुराडी असतात. साधे कौल गवंडी तिथल्या तिथे फोडून किंवा कापून बसवतो. वीज देणारे काचेचे कौल कापता येत नाही. म्हणून कडांना आणि कोपऱ्यांना तशीच दिसणारी, पण वीज न देणारी कौले बसवावी लागतात. सूर्याकडे पाठ असलेल्या उतारावरही तीच. म्हणजे ग्राहक काचेचे महाग छत पूर्ण घेतो, वीज त्याच्या काही भागातूनच मिळते. आणि छत जितके गुंतागुंतीचे, तितका मजुरीचा अंदाज चुकण्याचा संभव अधिक. २०२१ मधील किमतीच्या तंट्याचे मूळ येथे आहे.

कौलाचा गुण कोणता?

कौल म्हणजे काय, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकण्याची गरज नाही. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, आणि मंगळुरी कौल कोकण-गोव्यासह साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरले. त्याआधीही नळ्यांची छते होतीच. पावसाळ्यापूर्वी घर शाकारायचे, फुटके नळे काढून नवे घालायचे, सरकलेले नीट बसवायचे, हे दरवर्षीचे काम. माकडांनी उड्या मारल्या, नारळ पडला, चार कौले फुटली, तर पाचवा माणूस लागत नाही. घरातलाच कोणी शिडी लावून चढतो आणि परसात रचून ठेवलेल्या कौलांतली चार नेऊन बसवतो.

कौलाचा खरा गुण हा आहे. ते लहान आहे, सारख्या मापाचे आहे, शेजारच्या कौलावर नुसते टेकलेले आहे आणि म्हणून एकटे काढता येते. त्याचा आकार आणि रंग हा या गुणाचा परिणाम. आपल्याला मात्र नेमका तोच डोळ्यांत भरतो. सौर कौलाने आकार व रंग घेतला आणि मूळ गुण सोडला. मधले एक कौल बिघडले तर ते कोणते हे मोजमापाशिवाय कळत नाही. कळले तरी विद्युत-कारागीर आणि छताचा कारागीर दोघेही लागतात. आणि दहा वर्षांनी त्याच मापाचे, त्याच जोडटोक्याचे कौल बनवणारी कंपनी शिल्लक असेल का, हे वर दिलेल्या इतिहासावरून ज्याचे त्याने ठरवावे.

येथे आयुर्मानाचा प्रश्न येतो. टेस्लाने २०१७ मध्ये काचेच्या कौलाला घर टिकेल तोवर अथवा अनंत काळापर्यंत, यांपैकी जे आधी संपेल तोवर हमी देऊ केली. वीजनिर्मितीची आणि पाणी न गळण्याची हमी मात्र तीस वर्षांची होती. विनोदाचा भाग सोडला तर या दोन आकड्यांतच अडचण उघड झाली आहे. काच, घट, तारा आणि विद्युत-परिवर्तक यांची आयुष्ये वेगवेगळी आहेत. ज्यांचे आयुष्य वेगळे त्या वस्तू वेगळ्या काढता याव्यात, हा यंत्ररचनेतील जुना शहाणपणा आहे. सायकलची नळी टायरला कायमची चिकटवत नाहीत ती याच कारणाने.

दुसरी बाजू

टीका करताना विरुद्ध बाजूचे म्हणणे त्याच्या सर्वांत चांगल्या रूपात मांडले पाहिजे. ते असे.

अमेरिकेतील डांबरी पट्ट्यांचे छत साधारण वीस-पंचवीस वर्षांत बदलावे लागते. त्यावर पॅनेले बसवलेली असतील तर ती आधी उतरवावी लागतात, आणि चौकटीसाठी छताला भोके पाडलेली असतात ती वेगळीच. नवे घर बांधताना किंवा छत बदलतानाच पॅनेलला छताचे काम दिले, तर चौकट वाचते, खालचे कौल वाचते, मजुरी एकदाच लागते. कॅलिफोर्नियात २०२० पासून बहुतेक नव्या घरांना सौर व्यवस्था सक्तीची झाली. अशा ठिकाणी हा विचार वाजवी आहे. काही जागी दिसण्याचा प्रश्नही खराखुरा असतो. इटलीत पॉम्पेई येथे पुरातन अवशेषांवरील काही छतांत मातीच्या कौलांसारखी दिसणारी सौर कौले वापरली आहेत. तिथे थोडी वीज कमी मिळाली तरी चालेल, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या वास्तूचे रूप बिघडता कामा नये. हा सौदा डोळे उघडे ठेवून केलेला आहे.

म्हणून कल्पना सरसकट टाकाऊ नाही. तिचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. एका प्रकारात पॅनेल हे पॅनेलच राहते, मोठ्या आकाराचे, काळे, सपाट. आणि घराची रचना त्याला धरून केली जाते. जर्मनीत फ्रायबुर्ग येथे रोल्फ डिश या वास्तुशिल्पज्ञाने उभारलेल्या एकोणसाठ घरांच्या वसाहतीची छते पाहावीत. सूर्याकडे उतरणारी ती छते टोकापासून टोकापर्यंत पॅनेलांनी भरलेली आहेत आणि ती लपवण्याचा कोणी प्रयत्न केलेला नाही. दुसऱ्या प्रकारात पॅनेलने कौलाचे सोंग घ्यायचे असते. वर दाखवलेल्या बहुतेक अडचणी या दुसऱ्या प्रकारातून येतात.

२०२२ मध्ये अमेरिकेतील छत बनवणाऱ्या एका जुन्या उद्योगसमूहाने, जीएएफने, खिळ्यांनी ठोकता येणारी नवी सौर पट्टी आणली. तिच्यात तारा छताखाली न लपवता वरच्या बाजूने, झाकणाखालून नेल्या आहेत. दिसायला हे थोडे कमी, पण सांधा हाताशी राहतो. आधीच्या अपयशांतून कोणीतरी काही शिकले, याची ही खूण म्हणता येईल. ती कितपत टिकते हे काळ ठरवील.

आपल्याकडे

महाराष्ट्रातील शहरांत बहुसंख्य घरांना सपाट गच्ची असते. तिथे कौलाचे सोंग घेण्याचा प्रश्नच येत नाही. उंच सांगाड्यावर पॅनेले बसवली की खाली सावली मिळते, गच्ची कमी तापते आणि वाळवणापुरती जागाही उरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅट किंवा अधिक क्षमतेसाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवले गेले. त्यामुळे छतावर सौर पॅनेल बसवावे का, हा प्रश्न आता निबंधापुरता उरलेला नाही. विद्यार्थ्यांच्या घरी तो विचारला जात आहे आणि घरच्या पैशांनी त्याचे उत्तर दिले जाणार आहे. शिक्षकाकडे कोणी पालक सल्ला विचारायला आला, तर चित्र पाहून नव्हे, हिशेब करून उत्तर देता आले पाहिजे.

वर्गात करण्याजोगे

याचे प्रात्यक्षिक शाळेत फार सोपे आहे. सारख्या आकाराचे दोन पत्रे घ्या, दोन्हींना काळा रंग द्या. एक पत्रा थर्मोकोलच्या तुकड्यावर सपाट ठेवा. दुसरा तशाच थर्मोकोलवर, पण चार बुचांवर किंवा विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा. प्रत्येकाच्या खालच्या पृष्ठभागाला तापमापीचा फुगा टेकेल अशी व्यवस्था करा. दुपारी बारा वाजता दोन्ही उन्हात ठेवून दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा व आलेख काढा. मग दोन तापमानांतील फरकाला ०.४ ने गुणून शक्तीतील घट टक्क्यांत किती होईल ते काढायला सांगा. वारा असलेल्या आणि नसलेल्या दिवशी प्रयोग पुन्हा करावा. आलेले आकडे या लेखातील गृहीत आकड्यांशी जुळतीलच असे नाही. न जुळल्यास का, यावरच चर्चा रंगेल.

आणि वृत्तपत्रात पुढच्या वेळी एखाद्या नव्या सौर कौलाचे चित्र आले, की मुलांना पाच प्रश्न विचारायला लावावेत. दाखवलेली वस्तू चालू होती का? तुलना कोणत्या छताशी आणि कोणत्या किमतीशी केली आहे? छताचा किती भाग प्रत्यक्ष वीज देतो? मागची उष्णता कुठून बाहेर जाते? आणि मधले एक कौल फुटले तर ते कोण, किती वेळात, किती खर्चात बदलेल?

पाचही प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर त्या कौलाला खुशाल कौल द्यावा. नुसते सुंदर चित्र मिळाले, तर ते भित्तिपत्रकावर लावायलाही हरकत नाही. मात्र त्याखाली हे पाच प्रश्न लिहायला विसरू नये.